परिचारिकेचे शिक्षण : काल आणि आज

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आणि प्रत्येकीने आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर काही लिहावे असे ठरले, तेव्हा मी अध्यक्षाबाईंना म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. मी काय लिहिणार? पापडाची कृती देऊ का?" त्या म्हणाल्या, "पापडाच्या कृती मागच्या खेपेस तीन आल्या होत्या. तुमच्या घरात सासूबाई नर्स, मुलगी नर्स. ते लिहा." मग मला नाही म्हणवेना. मुलीचे पहिल्या वर्षाचे पुस्तक, ग्रंथालयातून आणलेली दोन-तीन पुस्तके आणि सासूबाईंचे सांगणे, एवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहे. चूकभूल द्यावी-घ्यावी.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी बाळंतपण म्हणजे घरातली सगळ्यांत अंधारी खोली. दाराला पडदा, खिडकीत बोळे, कोपऱ्यात शेगडी. सुईण येई ती हाताला येईल त्या विळ्याने नाळ कापी. बाळंतिणीचा दहा दिवस विटाळ, आणि तिला शिवणाऱ्या सुईणीचा तर बारमाही विटाळ. ज्या बाईच्या हाती आईचा आणि बाळाचा जीव, तिलाच आपण उंबऱ्याबाहेर बसवीत होतो. रोग्याची शुश्रूषा घरच्या माणसाने केली तर पुण्य, आणि परक्याची पैसे घेऊन केली तर ते हलके काम, अशी समजूत होती. ही समजूत लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी हकीकत तिच्याशी झालेल्या झगड्याची आहे.

शुश्रूषेचे शास्त्र होऊ शकते हे जगाला दाखविले इंग्लंडच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी. त्यांचा जन्म 1820 सालचा. घर श्रीमंत, आणि मुलीने रुग्णालयात काम करावे हे आईला मुळीच मान्य नव्हते. म्हणजे 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तिकडेही होताच! 1854 साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी शिपायांची सेवा करण्यास त्या गेल्या. तेथे शिपाई जखमांपेक्षा घाणीने आणि साथींनी अधिक मरत होते. बाईंनी स्वच्छता, हवा, उजेड, अन्न यांची व्यवस्था लावली आणि मृत्यूंचे आकडे मांडून सरकारपुढे ठेवले. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण येथील आरोग्याविषयी त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1891 साली बाई काशीबाई गणपत ही हिंदी स्त्री परिचारिकेचे शिक्षण घेण्यास आली, आणि या मार्गावरची पहिली हिंदी स्त्री म्हणून तिचे नाव सांगतात. केवढे धैर्य लागले असेल त्या बाईला! तिचे नाव माझ्या मुलीच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि संपते. मला मात्र त्या ओळीवर थांबावेसे वाटले. पुढे सहाच वर्षांनी, 1897 साली, पुण्यात प्लेग असताना सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतःच प्लेगने गेल्या. त्यांनी नर्सिंगची परीक्षा दिलेली नव्हती, पण परिचारिकांच्या इतिहासात त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे असे मला वाटते.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. 1885 साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांना स्त्रियांकडून औषधोपचार मिळावा म्हणून निधी काढला, आणि त्यातून देशभर डफरिन रुग्णालये निघाली. नागपुरातही एक होते. स्कॉटलंडच्या मिशनने सीताबर्डीकडे बायकांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय काढले. पहिल्या परिचारिका बहुतेक ख्रिस्ती मुली असत, कारण त्यांच्यात हा विटाळ मानीत नसत. आपल्या हिंदू घरांतून कोणी मुलगी पाठवीना. शेवटी ज्या आल्या, त्या ज्यांना घराने आधीच कोपऱ्यात बसविले होते त्या. म्हणजे विधवा. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली, तीतही अशा निराधार बायकांचाच विचार पुढे होता.

नागपुरात हे काम ज्यांनी केले त्या कमलाताई होस्पेट. त्यांचा जन्म 1896 सालचा. लहानपणी लग्न झाले आणि पंधराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळच्या रीतीने पुढचे आयुष्य देवघर आणि स्वयंपाकघर यांतच जायचे. पण 1918 ते 1920 या काळात त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला. ब्राह्मण घरची विधवा लोकांची बाळंतपणे करणार, हे त्या वेळच्या नागपुरास कसे वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. पुढच्याच वर्षी, 1921 मध्ये, कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्यासह सीताबर्डीवर प्रसूतिगृह काढले. खाटा किती, तर चार! तोच आपला मातृसेवा संघ.

सीताबर्डीवरून जाताना आपण ते नाव कितीदा वाचतो. आपल्या मंडळातील कित्येकींचा जन्म तेथला. पण चार खाटांचे ते घर दोन बायकांनी, एकीच्याही हाती सत्ता नसताना, नुसत्या शिकलेल्या हातांच्या बळावर उभे केले हे आपण विसरतो. पुढे संघाच्या शाखा गावोगाव झाल्या, परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, 1958 साली समाजकार्याचे महाविद्यालय निघाले. कमलाताईंना 1961 साली पद्मश्री मिळाली, 1980 साली जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला आणि 1981 साली त्या गेल्या. मला त्या पुरस्कारांपेक्षा ती दोन वर्षे मोठी वाटतात, जेव्हा एक बालविधवा रोज सकाळी डफरिनची पायरी चढत होती. आधी शिक्षण, मग सेवा, हा क्रम त्यांनी पाळला. नुसत्या कळवळ्याने बाळंतपण सुखरूप होत नाही हे त्यांना ठाऊक होते.

तरीही अशा शिकलेल्या बायका देशात किती? स्वातंत्र्यापूर्वी सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या पाहणीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल 1946 साली आला. त्यात हिशेब होता की सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका आणि 60,000 लोकांमागे एक शिकलेली सुईण! एका मोठ्या गावयात्रेएवढ्या माणसांना एक नर्स. घराघरांतून बाळंतिणी का दगावत होत्या याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

त्याच 1946 साली आणखी एक गोष्ट घडली. दिल्लीस आणि दक्षिणेत वेल्लोरला परिचारिकेच्या शिक्षणासाठी विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी सुरू झाली. तोपर्यंत रुग्णालयात राहून, मेट्रनबाईंच्या हाताखाली काम करीत शिकणे एवढाच मार्ग होता. आता नर्स होणारी मुलगी डॉक्टर-वकिलांप्रमाणे पदवीधर होऊ लागली. दिल्लीच्या त्या महाविद्यालयाला आज राजकुमारी अमृत कौर यांचे नाव आहे. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या आरोग्यमंत्री. 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाचा एक दर्जा ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. 1959 साली दिल्लीस एम.एस्सी.ही सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाने 1964 साली मुंबईस लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी झोपडीत लावलेल्या रोपाला हे फळ आले म्हणावयाचे.

पण पदवीधर किती होणार? खेड्यापाड्यांत तर कोणीच जाईना. म्हणून 1951 पासून देशात साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा, म्हणजे ए.एन.एम.चा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. सातवी-आठवी शिकलेल्या मुलीला त्यात प्रवेश मिळे. आणि येथे माझ्या घरची गोष्ट सुरू होते.

सासूबाई सातवी पास. 1966 साली, अठराव्या वर्षी, त्या ए.एन.एम.ला गेल्या. त्यांचे वडील गेलेले, पाठीवर तीन भावंडे. गावात बोलणी झाली की पोरीला 'दवाखान्यात घाण काढायला' पाठविली. दोन वर्षांनी त्या पांढरे पातळ नेसून उपकेंद्रावर रुजू झाल्या, आणि ज्यांनी बोलणी केली त्यांच्याच सुना रात्री-बेरात्री त्यांच्या हाती सोपविल्या गेल्या. सायकल येत नव्हती, म्हणून बैलगाडीने किंवा पायी जावयाचे. उमरेडकडच्या खेड्यांतून त्यांनी अडतीस वर्षे नोकरी केली. देवीचा रोग देशातून गेला तो त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि पोलिओचे दोन थेंब रविवारी बूथवर बसून त्यांनी हजारो पोरांच्या तोंडात घातले. आज त्या सत्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि बाळ कोणत्या अंगाने येत आहे हे नुसते पोटावर हात ठेवून सांगतात.

मीसुद्धा सातवीच. माहेर भंडारा जिल्ह्यात. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल सहा किलोमीटरवर. वाटेत नाला. माझ्या दोघा भावांना सायकल मिळाली आणि मला शिवणयंत्र. वडील वाईट नव्हते, त्यांना तेवढेच सुचले. पण फरक पाहा. सासूबाईंच्या सातवीला 1966 साली एक दार उघडे होते. माझ्या सातवीला ते बंद झालेले होते, कारण मध्यंतरी ए.एन.एम.ला दहावीची अट आली होती. आता तर बारावी लागते. इयत्ता तीच, बाई तशीच, आणि उंबरा मात्र दर पिढीला एक-एक वीट वर चढत गेला. त्यात गैर काही नाही. औषधे वाढली, यंत्रे वाढली, चूक झाली तर जीव जातो. पण ज्या घरात हे कळत नाही, त्या घरातली मुलगी उंबऱ्याच्या बाहेरच राहते.

आणि हे मला सासूबाईंच्या घरात राहूनही कळले नाही, हे आज कबूल करते. 2017 साली माझी मुलगी दहावी झाली. तिला सायन्स घ्यावयाचे होते. मी म्हटले, सायन्सला शिकवणी लागते, कॉलेज लांब, आर्ट्स जवळ आहे. यजमानांची नोकरी खाजगी, पगार बेताचा. मुलगी काही बोलली नाही, तिने आर्ट्सचा अर्ज भरला. सासूबाई त्या वेळी पुण्यास नणंदेकडे होत्या. परत आल्यावर त्यांना कळले, तेव्हा त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी पेटीतून आपले 1968 सालचे प्रमाणपत्र काढले, माझ्यापुढे ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, मला हे सातवीवर मिळाले. तुला कोणी विचारलेच नाही. पोरीला तरी विचारायचे होतेस." त्या दिवशी माझ्या हातून पोळ्या करपल्या.

बारावीनंतर मुलीने नर्सच व्हावयाचे ठरविले, तेव्हा माझ्या चुकीची किंमत कळली. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागते. आर्ट्सवाल्या मुलीला थेट पदवीचे दार बंद. पण सुदैवाने बाजूचा जिना होता. त्या जिन्याने ती चढली, म्हणून तो आपणा सर्वांना समजावून सांगते.

पहिला मार्ग सरळ पदवीचा. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, त्या विषयांत मिळून खुल्या वर्गाला 45 टक्के गुण हवेत, आणि वयाची सतरा वर्षे पुरी हवीत. महाराष्ट्रात प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. चार वर्षांत बी.एस्सी. नर्सिंग. आपल्याकडे ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. दुसरा मार्ग जी.एन.एम.चा. बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के गुण हवेत. तीन वर्षे. ही पदविका होय. ती घेऊन परिषदेकडे नाव नोंदविले की नोकरी करता येते, आणि पुढे दोन वर्षांची 'पोस्ट बेसिक बी.एस्सी.' केली की तीही पदवीधर होते. तिसरा मार्ग ए.एन.एम.चा, बारावीनंतर दोन वर्षांचा. नोंदणी झालेली ए.एन.एम. पुढे जी.एन.एम.ला जाऊ शकते, आणि तेथून पदवीला. पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, मग शिकविण्याचे कामही मिळते. म्हणजे सासूबाईंच्या पायरीपासून प्राध्यापिकेच्या खुर्चीपर्यंत जिना अखंड आहे. फक्त आर्ट्सवालीला तो लांब पडतो. सरळ मार्गाने चार वर्षे, वळणाने पाच, आणि मधली नोकरीची वर्षे धरली तर आणखी.

दोन सूचना अनुभवाने करते. जाहिरातीचा फलक पाहून फी भरू नये. त्या संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही हे आधी पाहावे. आमच्या ओळखीच्या एका मुलीची दोन वर्षे आणि आईच्या बांगड्या अशाच गेल्या. शिवाय अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. दुसरे असे की 2024 साली महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करण्याचा निर्णय केला आहे. आपल्या मुलीचा वर्ग आणि अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही याची चौकशी कॉलेजात अवश्य करावी. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

मुलगी 2019 साली जी.एन.एम.ला गेली. त्यांच्याकडे मुली हातात पणती घेऊन शपथ घेतात असा समारंभ असतो. ती शपथ नाइटिंगेल बाईंच्या नावाची, पण लिहिली 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिचारिकांनी. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पोरीच्या हातातली पणती वाऱ्याने थरथरली तेव्हा त्यांनी बसल्या जागी आपले दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले. मग कोविड आला. पोर घरी यावी म्हणून मी रडत होते, आणि सासूबाई फोनवर तिला सांगत होत्या, "तोंड झाक, हात धू, आणि रोग्याशी बोलत जा." नर्सच नसती तर त्या वर्षी आपल्या 'मेयो'त नि 'मेडिकल'मध्ये काय झाले असते, हे मी कोणाला सांगावयास नको. त्या दिवसांत थाळ्या वाजविणारे आपणच, आणि स्थळ आले की 'मुलगी नर्स आहे, रात्रपाळी असते' म्हणून नाक मुरडणारेही आपणच.

आज ती नोकरी करून साठविलेल्या पैशावर पोस्ट बेसिक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री ती अभ्यास करते, सासूबाई जवळ बसून ऐकतात. एकदा मी विचारले, "तुम्ही पदवीशिवाय शेकडो बाळंतपणे केली, मग हिला पदवी कशाला?" त्या म्हणाल्या, "आम्हाला काय करायचे ते शिकविले. का करायचे ते विचारायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणतील तसे. एकदा एक बाळंतीण फिकी पडत होती. मला दिसत होते, पण मी सातवीची, मोठ्या डॉक्टरांपुढे बोलले नाही. ती वाचली, देवाची कृपा. हिला बोलता येईल." पदवीचा एवढा स्पष्ट अर्थ मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही.

तेव्हा भगिनींनो, माझे मागणे लहानसेच आहे. आपल्या वस्तीत दरवर्षी आठ-दहा मुली दहावी होतात. शाखा निवडण्याच्या आठवड्यात त्यांच्या आयांनी मंडळात यावे. सासूबाई आणि माझी मुलगी दोघी बसतील आणि विचाराल ते सांगतील. चहा मी करीन. कमलाताईंना पायरी चढताना सोबतीला फारसे कोणी नव्हते. आपल्या मुलींना ती सोबत आपण देऊ शकतो. सायन्स घ्यावे की आर्ट्स हे मुलीनेच ठरवावे, पण तिला कोणी विचारलेच नाही असे मात्र होऊ नये.

लेख लांबला, क्षमा असावी. पापडाची कृती हवी असल्यास घरी यावे.